घरच्या घरी लाल प्रकाश उपचार : साधनाच्या निवडीपासून मात्रेच्या हिशेबापर्यंत

लाल प्रकाशाचा मुखवटा किंवा पॅनेल विकत घेणाऱ्यापुढे सर्वप्रथम दिव्यांचे आकडे मांडले जातात: इतके एलईडी, इतके वॅट, इतके रंग. त्वचेला यातल्या कशाचेही सोयरसुतक नसते. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश, किती तीव्रतेने, किती वेळ आणि किती नियमितपणे मिळाला, एवढ्यावरच तिचा प्रतिसाद अवलंबून असतो. या चार गोष्टी वापरणाऱ्याच्या ताब्यात असतील तर कमी शक्तीचे साधे साधनही उपयोगी पडते. त्या ताब्यात नसतील तर सर्वांत शक्तिशाली पॅनेल एक तर वाया जाते किंवा त्रास देते. म्हणून या लेखात साधनापेक्षा मात्रेचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

हा प्रकाश त्वचेत काय करतो

येथे लाल प्रकाश म्हणजे साधारण ६२० ते ६७० नॅनोमीटर तरंगलांबीचा दृश्य प्रकाश. अनेक साधनांत त्याच्या जोडीला ८१० ते ८५० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही असतो. लाल प्रकाश त्वचेत काही मिलिमीटर खोलवर जातो, अवरक्त त्याहून थोडा अधिक. मात्र दोन्हींचा मोठा भाग वरच्या थरांतच विखुरला आणि शोषला जातो. या प्रकाशात अतिनील किरण नसल्यामुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि उन्हापासून संरक्षणही मिळत नाही. लाल प्रकाश घेत असल्याने सनस्क्रीनची गरज संपते, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे.

या उपचाराची सुरुवात अपघातानेच झाली. बुडापेस्टमधील वैद्य एंद्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास उंदरांवर रुबी लेझरचे प्रयोग केले, तेव्हा त्यांना कर्करोगाच्या गाठींवर होणारा परिणाम पाहायचा होता. त्यांचा लेझर फारच मंद असल्यामुळे गाठींवर काही झाले नाही, पण केस काढलेल्या जागी प्रकाश मिळालेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. पुढे जखमा भरण्याच्या दिशेने हे काम वाढले आणि १९९० च्या दशकात ‘नासा’च्या पाठबळाने लेझरऐवजी स्वस्त, मोठ्या क्षेत्रावर प्रकाश टाकणारे एलईडी वापरून पाहिले गेले. आजची घरगुती साधने त्याच वाटेने आलेली आहेत. वैद्यकीय लेखनात या पद्धतीला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात.

परिणामाचे सर्वाधिक स्वीकारले गेलेले स्पष्टीकरण असे, की पेशींतील मायटोकॉन्ड्रियामध्ये असलेले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर हा प्रकाश शोषून घेते, त्याला चिकटून बसलेला नायट्रिक ऑक्साइड सुटा होतो, आणि पेशीची ऊर्जानिर्मिती काही काळ सुधारते. त्याबरोबर दाह कमी करणारे संकेत वाढतात आणि कोलॅजेन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी अधिक सक्रिय होतात. या साखळीतील प्रत्येक दुव्यावर संशोधकांचे एकमत नाही. तरीही दाह कमी होणे आणि कोलॅजेन वाढणे हे दोन परिणाम निरनिराळ्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले आहेत, आणि घरगुती वापराचा सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे.

अपेक्षा किती ठेवावी

बारीक सुरकुत्या, त्वचेचा खरखरीतपणा, सूज असलेले लाल मुरूम आणि चिडलेल्या त्वचेचा लालसरपणा यांवर लाल प्रकाशाचा मर्यादित पण खरा उपयोग होऊ शकतो. सैल पडलेली त्वचा, खोल खड्ड्यांसारखे व्रण, तीळ आणि चामखीळ यांवर त्याची भिस्त ठेवू नये. डोळ्यांखालचा काळेपणाही अनेकदा हाडांच्या ठेवणीमुळे किंवा आनुवंशिकतेने आलेला असतो आणि तो प्रकाशाने जात नाही.

पुराव्याकडे पाहताना तीन अभ्यास लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७६ जण होते; गटांनुसार चेहऱ्याच्या एकाच बाजूवर, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे ६३३ किंवा ८३० नॅनोमीटरचा, किंवा दोन्ही प्रकारचा प्रकाश देण्यात आला. सुरकुत्यांत जास्तीत जास्त ३६ टक्के घट आणि लवचीकपणात जास्तीत जास्त १९ टक्के वाढ नोंदली गेली. जाहिरातींमध्ये हा ३६ चा आकडा वारंवार येतो, मात्र ‘जास्तीत जास्त’ हे शब्द वाटेत कोठेतरी गळून पडतात. २०१४ साली जर्मनीतील एका अभ्यासात १३६ स्वयंसेवक होते. आठवड्यातून दोनदा अशा ३० सत्रांनंतर त्वचेचा पोत आणि कोलॅजेनची घनता सुधारल्याचे आढळले. मुरमांच्या बाबतीत २००० सालचा एक अभ्यास महत्त्वाचा आहे, कारण त्यात १०७ रुग्णांपैकी काहींनी ४१५ नॅनोमीटरचा निळा आणि ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश एकत्रितपणे, रोज पंधरा मिनिटे वापरला. बारा आठवड्यांनी सुजलेल्या पुळ्या सरासरी ७६ टक्क्यांनी कमी झाल्या. निळा प्रकाश मुरमांच्या जिवाणूंमधील पोर्फिरिन या प्रकाश शोषणाऱ्या द्रव्यावर काम करतो आणि लाल प्रकाश दाह शमवतो, अशी ती जोडी आहे. मिटलेल्या तोंडाची पांढरी पुटकुळी किंवा काळे ठिपके यांच्यावर मात्र तिचा प्रभाव कमी पडतो.

या तिन्ही अभ्यासांवरून एक गोष्ट स्पष्ट होते: परिणाम आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने येतो. एखाद्या सत्रानंतर लगेच दिसणारी तकाकी ही बहुधा तात्पुरत्या वाढलेल्या रक्तप्रवाहाची असते.

सुरू करण्यापूर्वी कोणी थांबावे

ही पायरी कंटाळवाणी असली तरी ओलांडून जाण्यासारखी नाही. ल्युपस किंवा पोर्फिरिया असलेल्यांनी, प्रकाशामुळे त्वचेवर पुरळ उठण्याचा इतिहास असलेल्यांनी, त्वचेचा कर्करोग झालेल्यांनी किंवा चेहऱ्यावर रंग-आकार बदलणारा संशयास्पद डाग असलेल्यांनी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय साधन सुरू करू नये. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल तर नेत्रतज्ज्ञांनाही विचारणे आवश्यक आहे. ही भीती कागदोपत्री नाही. २०१९ साली न्यूट्रोजेना या कंपनीने लाल आणि निळ्या प्रकाशाचा आपला मुरमांवरील घरगुती मुखवटा बाजारातून मागे घेतला, आणि त्यामागचे कारण हेच होते की डोळ्यांचे काही विशिष्ट आजार असलेल्या किंवा प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्या थोड्या लोकांच्या डोळ्यांना इजा होण्याची सैद्धांतिक शक्यता होती.

औषधांच्या बाबतीत थोडा तारतम्याने विचार करावा लागतो. डॉक्सिसायक्लिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, अमिओडॅरोन यांसारखी औषधे त्वचेला प्रकाशाबद्दल हळवी करतात, पण त्यांची प्रतिक्रिया प्रामुख्याने अतिनील किरणांशी होते. तरीही साधनासोबतच्या सूचनांमध्ये ती वर्ज्य असतील तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांनीही तसेच करावे, कारण त्या काळात त्वचा आधीच कोरडी आणि नाजूक झालेली असते. एक स्थिती मात्र खरोखर निर्विवाद आहे: फोटोडायनॅमिक उपचारासाठी त्वचेवर अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल लावले गेले असेल, तर ते औषध लाल प्रकाशानेही सक्रिय होते, आणि अशा वेळी घरचे साधन लावणे म्हणजे भाजून घेणे आहे.

गरोदरपणात या उपचाराबद्दलचा पुरावा अपुरा असल्यामुळे तो पुढे ढकलणे बरे. अपस्माराचा त्रास असलेल्यांनी लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा पर्याय असलेली साधने टाळावीत.

साधन निवडताना

घरगुती साधने मुख्यत्वे दोन प्रकारची असतात. मुखवटा चेहऱ्याला लागून बसतो, त्यामुळे अंतराचा प्रश्नच उरत नाही. त्याची तीव्रता कमी असते आणि ठरावीक वेळेनंतर तो आपोआप बंद होतो. पॅनेलची तीव्रता बरीच अधिक असते, त्याने मान, छाती, हात असे मोठे भाग एकाच वेळी हाताळता येतात, पण अंतर आणि वेळ या दोन्हींची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. हातात धरायची छोटी कांडीही मिळते. एखाद्या पुळीपुरती ती ठीक आहे, पण संपूर्ण चेहऱ्यासाठी तिच्याने जागोजागी पुरेसा वेळ देण्याइतका संयम फार थोड्यांकडे असतो. केवळ चेहऱ्याचा विचार असेल आणि शिस्तीबद्दल स्वतःविषयी शंका असेल, तर मुखवटा घ्यावा.

साधन कोणतेही असो, माहितीपत्रकात तरंगलांबी आकड्यात दिलेली असावी. ६३० किंवा ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि हवा असल्यास ८३० किंवा ८५० चा अवरक्त, एवढे पुरे आहे. नुसते ‘लाल प्रकाश’ असे लिहिलेले असेल तर ते साधन बाजूला ठेवावे. लाल काचेचा शेक देणारा दिवा हा या उपचाराचा पर्याय नव्हे, कारण त्याची बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. सात रंगांचे मुखवटे आकर्षक दिसतात, पण लाल, अवरक्त आणि मुरमांसाठी निळा सोडल्यास उरलेल्या रंगांच्या बाजूने सांगण्यासारखे फारसे काही नाही.

दुसरी आवश्यक माहिती तीव्रतेची. ती मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर या एककात, आणि ‘किती अंतरावर मोजली’ या उल्लेखासह दिलेली असली पाहिजे. साधन किती वॅट वीज खाते याचा त्वचेवर पडणाऱ्या प्रकाशाशी थेट संबंध नसतो. येथे एक मेख आहे. अनेक विक्रेते सौर ऊर्जा मोजणाऱ्या स्वस्त मापकाने तीव्रता मोजतात. ते मापक सूर्याच्या संपूर्ण वर्णपटासाठी बेतलेले असल्यामुळे लाल एलईडीसमोर धरल्यास बराच फुगवलेला आकडा दाखवते. म्हणून त्रयस्थ प्रयोगशाळेचा अहवाल असलेल्या साधनाला प्राधान्य द्यावे. तसा अहवाल नसेल, तर सांगितलेला आकडा प्रत्यक्षात बराच कमी असू शकतो हे गृहीत धरावे, पण तेवढ्यावरून वेळ दुप्पट करण्याची घाई करू नये.

प्रमाणपत्रांच्या भाषेतही बरीच चलाखी चालते. अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे औषधे व वैद्यकीय साधनांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, कंपनीची किंवा साधनाची ‘नोंदणी’ असणे म्हणजे केवळ यादीत नाव असणे. ‘क्लिअर्ड’ याचा अर्थ असा, की आधीपासून बाजारात असलेल्या तत्सम साधनाशी त्याचे पुरेसे साधर्म्य त्या संस्थेला पटले आहे. घरगुती मुखवट्यांच्या बाबतीत ‘ॲप्रूव्ह्ड’ हा शब्द दिसल्यास विक्रेत्याला फरक माहीत नाही, किंवा तो ग्राहकाला माहीत नसावा अशी त्याची इच्छा आहे. ‘मेडिकल ग्रेड’ या शब्दप्रयोगाला तर कसलाच ठाम अर्थ नाही. दिव्यांच्या प्रकाशीय सुरक्षिततेसाठी आयईसी ६२४७१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार चाचणी झाल्याचा उल्लेख असेल तर तो उपयोगाचा.

परत करण्याची मुदतही पाहावी. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागत असतील, तर पंधरा दिवसांच्या मुदतीचा उपयोग एवढाच, की साधन चेहऱ्याला नीट बसते का आणि त्वचा चिडते का, हे समजते.

मात्रेचे गणित

त्वचेला मिळालेली मात्रा ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर या एककात सांगतात आणि ती काढणे सोपे आहे: मिलिवॅटमधील तीव्रतेला सेकंदांनी गुणावे आणि १००० ने भागावे. पॅनेलची तीव्रता तुम्ही बसता त्या अंतरावर २५ मिलिवॅट असेल आणि तुम्हाला ६ ज्यूल हवे असतील, तर २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटे लागतात. तीच तीव्रता १०० मिलिवॅट असेल तर एका मिनिटात तेवढीच मात्रा पोहोचते. मुखवट्याची तीव्रता १५ मिलिवॅट असल्यास सहा ज्यूलसाठी पावणेसात मिनिटांच्या आसपास वेळ द्यावा लागतो.

किती ज्यूल योग्य, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. वर उल्लेखलेल्या २००७ च्या अभ्यासात लाल प्रकाशाची मात्रा प्रत्येक सत्रात १२६ ज्यूल होती. २०१४ च्या जर्मन अभ्यासात ती सुमारे ९ ज्यूल होती. दोन्हीकडे सुधारणा दिसली. चौदा पटींचा हा फरक पाहिल्यावर अधिक मात्रेच्या मागे धावण्याचे कारण उरत नाही, आणि घरी वापर करणाऱ्याने खालच्या टोकापासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. शिवाय या उपचारात एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवल्यास परिणाम वाढण्याऐवजी घटतो, असे पेशींवरील आणि प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. बियाण्याला पाणी घालण्यासारखेच हे आहे: थोडे कमी पडले तर अंकुर उशिरा येतो, पण जास्त झाले तर बी कुजते.

माझा सल्ला असा आहे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक सत्रात ३ ज्यूलच्या आसपास मात्रा ठेवून तीन सत्रे घ्यावीत. त्वचा शांत राहिल्यास दुसऱ्या आठवड्यापासून ६ ज्यूलवर जावे, आणि महिनाभरानंतर ८ ते १२ ज्यूलच्या दरम्यान स्थिर व्हावे. आठवड्यातून तीन ते पाच सत्रे पुरेशी आहेत. मुखवट्याचा वेळ आधीच ठरलेला असेल, तर तो मध्येच बंद करून पहिल्या आठवड्यात अर्धा वेळ वापरावा. चुकलेले सत्र दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसून भरून काढू नये.

अंतराबाबत एक सूचना. दिव्यापासून दूर गेल्यावर तीव्रता झपाट्याने कमी होते, पण मोठ्या पॅनेलच्या अगदी जवळ ती ‘अंतर दुप्पट तर प्रकाश चौथाई’ या शाळेतील नियमाने घटत नाही, कारण तेथे अनेक दिव्यांचे झोत एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून मधल्या अंतरासाठी आकडेमोड करण्यापेक्षा, ज्या अंतरावरची तीव्रता उत्पादकाने दिली आहे त्याच अंतरावर बसावे. एकदा मोजपट्टीने ते मोजून खुर्चीच्या पायांजवळ जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवली, की रोजचा अंदाजपंचे कारभार टळतो.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेसाठी

बहुतांश जाहिराती आणि कित्येक अभ्यास गोऱ्या त्वचेवर आधारलेले असल्याने हा भाग वेगळा लिहिणे आवश्यक वाटते. त्वचेतील मेलॅनिन प्रकाश शोषते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. एलईडी लाल प्रकाशाच्या सुरक्षिततेवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत आठवड्यातून तीनदा, तीन आठवडे वाढत्या मात्रा देऊन पाहिल्या गेल्या; गोऱ्या त्वचेला ४८० ज्यूलपर्यंतची मात्रा सोसली, तर सावळ्या त्वचेची मर्यादा ३२० ज्यूल निघाली. त्यापुढे फोड येणे आणि दीर्घकाळ टिकणारी लाली असे परिणाम दिसले. हा आकडा घरगुती मात्रेपेक्षा फार मोठा वाटेल, पण १०० मिलिवॅटच्या पॅनेलसमोर ५३ मिनिटे बसल्यास तो गाठता येतो, आणि ‘जितके जास्त तितके चांगले’ असे मानून तासभर बसणारे लोक असतात.

वांग असलेल्यांनी अधिक जपावे. दृश्य प्रकाशातील निळा-जांभळा भाग सावळ्या त्वचेवर दीर्घकाळ टिकणारा काळेपणा आणू शकतो. ४१५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने तसे झाले आणि ६३० च्या लाल प्रकाशाने झाले नाही, असे तुलनात्मक प्रयोगात दिसले आहे. त्यामुळे बहुरंगी मुखवट्यातील निळा पर्याय वांग असलेल्या किंवा पुळी गेल्यावर डाग मागे राहणाऱ्या त्वचेवर स्वतःच्या मनाने वापरू नये. उष्णतेनेही वांग वाढतो, म्हणून लाल प्रकाश वापरतानाही चेहरा तापू लागला तर पॅनेलपासून दूर सरकावे किंवा सत्र थांबवावे, आणि अवरक्त दिवे स्वतंत्रपणे बंद करता येत असतील तर ते बंद ठेवावेत.

त्वचा कोणत्याही रंगाची असो, चेहऱ्याआधी हाताच्या आतल्या बाजूवर ठरलेल्या मात्रेचे एक सत्र घेऊन दोन दिवस वाट पाहावी.

प्रत्यक्ष सत्र कसे घ्यावे

चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन टिपून कोरडा करावा. मेकअप आणि सनस्क्रीन पूर्ण निघालेले असावे, कारण त्यातील झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि रंगद्रव्ये प्रकाश परतवतात किंवा शोषतात. रेटिनॉल, एक्सफोलिएट करणारी (मृत पेशी काढणारी) आम्ले आणि सुगंधी तेले सत्रापूर्वी लावू नयेत. ‘प्रकाश खोलवर जावा’ म्हणून विशेष सीरम किंवा जेल विकले जाते. स्वच्छ, कोरड्या त्वचेवर त्याची गरज नसते. केस मागे बांधावेत, चष्मा आणि चकाकणारे दागिने काढून ठेवावेत. दाट दाढीखालच्या त्वचेपर्यंत प्रकाश फारसा पोहोचत नाही, हे पुरुषांनी ध्यानात घ्यावे.

डोळ्यांचे संरक्षण हा या सगळ्यातील एकमेव भाग आहे जिथे सवलत घेऊ नये. पॅनेल वापरताना साधनासोबत आलेला, लाल आणि अवरक्त दोन्ही अडवणारा गॉगल लावावा. नुसत्या पापण्या मिटणे पुरेसे नाही, कारण लाल प्रकाश पापणीतून पार जातो. आणि अवरक्त प्रकाश दिसतच नसल्याने डोळे दिपून आपोआप मिटण्याची नैसर्गिक प्रतिक्रियाही होत नाही. मुखवट्यात डोळ्यांभोवती रबरी कडा असते. ती नाकाच्या बाजूंनी नीट टेकते का, हे अंधाऱ्या खोलीत पाहून घ्यावे. लंडनमध्ये ६७० नॅनोमीटरचा प्रकाश थोडा वेळ डोळ्यांवर टाकून दृष्टीवर होणारा परिणाम पाहण्याचे लहान प्रयोग झाले आहेत, आणि त्यांचा हवाला देऊन गॉगल काढून पॅनेलकडे पाहण्याचे सल्ले फिरत असतात. नियंत्रित तीव्रतेच्या त्या प्रयोगांचा चेहऱ्यासाठी बनवलेल्या पॅनेलशी काहीही संबंध नाही.

पॅनेलसमोर बसल्यावर नाक आणि कपाळ दिव्यांच्या अधिक जवळ असतात, तर गालांच्या कडा आणि जबडा तिरक्या कोनात राहून कमी प्रकाश घेतात. ठरलेल्या वेळेपैकी निम्मा वेळ समोर पाहून आणि उरलेला वेळ डावीकडे व उजवीकडे वाटून घेतल्यास मात्रा बरीच सारखी होते. मानेसाठी हनुवटी किंचित उचलावी. वेळ मोजायला गजर लावावा. मोबाइल पाहत बसल्यास मान खाली जाते आणि प्रकाश केसांना मिळतो. पॅनेलच्या अवरक्त दिव्यांकडे पाहून ते बिघडले आहेत असे वाटू शकते, कारण ते विझलेलेच दिसतात. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास बहुधा फिकट जांभळट उजेड दिसतो. सत्रादरम्यान हलकी ऊब जाणवणे स्वाभाविक आहे. टोचणे, चटका बसणे किंवा डोके दुखणे स्वाभाविक नाही.

सत्र संपल्यावर नेहमीचे मॉइश्चरायझर लावावे. सत्र सकाळी घेतले तर त्यानंतर सनस्क्रीन, रात्री घेतले तर वीसेक मिनिटांनी रेटिनॉल चालते; मात्र रेटिनॉल नव्याने सुरू केले असेल तर पहिला महिना ते आणि प्रकाश वेगवेगळ्या दिवशी ठेवावेत, म्हणजे त्वचा चिडल्यास दोष कोणाचा हे कळते. दिवसाच्या कोणत्या वेळी सत्र घ्यावे याला त्वचेच्या दृष्टीने महत्त्व नाही, पण झोपेच्या तोंडावर तीव्र प्रकाशाने झोप उडत असल्यास वेळ अलीकडे आणावी.

मुखवट्याची आतली बाजू प्रत्येक वापरानंतर किंचित ओल्या मऊ कापडाने पुसावी, अन्यथा घाम आणि तेलाचा थर साचून मुरमांना निमंत्रण मिळते, आणि प्रकाशही अडतो. साधन पाण्याखाली धरू नये. बॅटरीवर चालणारे साधन चार्जिंगला लावलेल्या अवस्थेत चेहऱ्यावर घालू नये.

नोंद आणि निर्णय

हळूहळू होणारा बदल आरशात समजत नाही, आणि पैसे खर्च केलेल्या माणसाला आरसा नेहमीच थोडा अनुकूल वाटतो. म्हणून पहिल्या सत्रापूर्वी तीन छायाचित्रे घ्यावीत, समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक. ती एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली, फ्लॅशशिवाय, चेहरा धुतल्यावर तेवढ्याच वेळाने आणि कॅमेऱ्यातील त्वचा गुळगुळीत करणारा पर्याय बंद ठेवून घ्यावीत. दर चार आठवड्यांनी तशीच छायाचित्रे घ्यावीत, आणि मधल्या काळात तुलना करत बसू नये. मुरमांसाठी वापर असेल तर आठवड्यातून एकदा सुजलेल्या पुळ्या मोजून आकडा लिहून ठेवावा. या काळात नवे सीरम, नवी क्रीम किंवा नवा फेसवॉश सुरू केल्यास नोंदीचा अर्थच उरत नाही.

ज्यांना पूर्ण खात्री करून घ्यायची आहे, त्यांनी २००७ च्या अभ्यासाची युक्ती वापरावी: आठ आठवडे एकाच हाताच्या पाठीवर प्रकाश घ्यावा आणि दुसरा हात तसाच ठेवावा. चेहऱ्यावरची सत्रे त्याबरोबर चालू ठेवायला हरकत नाही.

सत्रानंतरची लाली तासाभरात उतरत असेल तर काळजी नको. ती दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिली तर आठवडाभर विश्रांती घेऊन मात्रा निम्मी करावी. तरीही पुन्हा तसे झाले, फोड आले, डाग गडद झाले किंवा डोळ्यांपुढे ठिपके दिसू लागले, तर साधन बंद करून डॉक्टरांना दाखवावे. मुरूम वेदनादायक, खोल आणि व्रण सोडणारे असतील तर प्रकाशावर महिने घालवू नयेत, कारण त्या काळात पडलेले खड्डे नंतर कोणत्याही दिव्याने भरत नाहीत.

बारा आठवड्यांनी छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून, शक्य असल्यास कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे न सांगता, घरातील दुसऱ्या व्यक्तीला ओळखायला सांगावे. तिला फरक दिसला, तर आठवड्यातून दोन ते तीन सत्रांवर येऊन तेवढाच वापर चालू ठेवावा. वापर पूर्ण थांबवल्यास त्वचेचे वय आपल्या गतीने वाढत राहते आणि मिळालेला फायदा काही महिन्यांत ओसरू शकतो. फरक दिसला नाही, आणि सत्रे खरोखर नियमित झाली असतील, तर मात्रा एकदा १५ ते २० ज्यूलपर्यंत वाढवून आणखी सहा आठवडे पाहावे. वांग किंवा डाग पडण्याची प्रवृत्ती असेल तर ही वाढ करू नये. एवढ्यानेही छायाचित्रे तशीच राहिली, तर आपल्या त्वचेला हे साधन मानवत नाही असे समजावे आणि तो वेळ सनस्क्रीन व त्वचारोगतज्ज्ञांनी सुचवलेल्या रेटिनॉइडकडे (रेटिनॉलच्याच वर्गातील औषधाकडे) वळवावा, कारण सुरकुत्या आणि मुरूम या दोन्हींसाठी रेटिनॉइडचा पुरावा लाल प्रकाशापेक्षा आजही कितीतरी भक्कम आहे.